निगेटिव्ह म्हणजे नक्की काय निगेटिव्ह?

वीस वर्षं मी टीबीसाठी बेडके, म्हणजे खोकून काढलेला कफ, तपासलेत. ऊसपट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाची लॅब, खिडकीपाशी मायक्रोस्कोप, शेजारी स्पिरिटचा दिवा आणि सकाळी दहापर्यंत झाकण लावलेल्या डब्यांची रांग. हे काम ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. बेडक्यातला पिवळट दाट भाग काडीनं उचलायचा, काचेवर पसरायचा, वाळवायचा, लाल रंग ओतून खालून वाफ येईपर्यंत गरम करायचं, पाच मिनिटं तसंच ठेवून धुवायचं आणि मग ॲसिड टाकायचं. ॲसिडनं बाकी सगळं रंग सोडतं, टीबीचा जंतू सोडत नाही. शेवटी निळा रंग. मग तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली बघत बसायचं, निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात का. शंभर फील्ड (लेन्समधून एका वेळी दिसतो तो एकेक गोल) बघून एकही काडी दिसली नाही तर रजिस्टरला 'निगेटिव्ह'.

हा शब्द मी हजारो वेळा लिहिलाय. आणि आज मला ठामपणे सांगायचंय की एचआयव्ही असलेल्या माणसाच्या बाबतीत आपण हा शब्द ज्या अर्थानं वापरतो तो अर्थच चुकीचा आहे, आणि त्या चुकीनं माणसं मेलीत. एक तर माझ्याच रिपोर्टनंतर.

२०११ची गोष्ट. जानेवारी, ऊसतोडीचा सीझन ऐन भरात. टोळीतली एक बाई आली, तिशीतली, नवरा सोबत. दीड महिना ताप, जेवण जात नाही, वजन एवढं उतरलेलं की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. खोकला होता पण कोरडा. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी झालेली, दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह. सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची रक्तातली मोजणी, करायला जिल्ह्याला जावं लागायचं, म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, त्यात मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे ते राहिलं ते राहिलंच. मी डबी दिली, म्हटलं ताई, आधी चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतनं खोकून काढा, थुंकी नको. ती बाहेर उन्हात उभी राहून बराच वेळ खोकायचा प्रयत्न करत होती. डबीत आला तो नुसता फेस. दुसऱ्या दिवशी सकाळचा नमुना आणला, तोही तसाच. दोन्ही स्लाइडचे मी शंभराच्या जागी दोनशे फील्ड बघितले. निगेटिव्ह. एक्स-रे काढला, त्यातही विशेष काही नाही असं लिहून आलं. मग ॲन्टिबायोटिकचा कोर्स, एक टॉनिक, 'टीबी नाही' असं सांगणं, आणि बाई परत फडावर.

तीन आठवड्यांनी नवरा एकटाच आला, कॅरीबॅगमध्ये कागद घेऊन. मधे तिला दुसरीकडे मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं, तिथं सीडी फोर फक्त ४१ निघाला, म्हणजे फारच कमी, सोनोग्राफीत प्लीहा आणि लिव्हरवर बारीक बारीक ठिपके, मानेत गाठ होती तिच्यातून सुईनं पाणी काढून स्लाइड केली. तिथली टेक्निशियन माझ्याच बॅचची, तिला फोन लावला तर म्हणाली, अगं फील्ड भरून होते, मोजता येत नव्हते. ॲडमिट केल्यापासून नवव्या दिवशी ती गेली. नवऱ्यानं माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हितं तर न्हाई म्हनला हुता की." भांडला नाही. खरंच विचारत होता.

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. स्लाइड नीट केली होती, रंग ताजे होते, फील्ड दुप्पट बघितले होते. मग अंगभर जंतू असलेल्या बाईच्या बेडक्यात एकही का नाही? डॉक्टरांना विचारत गेले, ट्रेनिंगला गेले की तिथं विचारायचे, मिळेल ते वाचायला लागले. उत्तर मिळालं ते असं.

टीबीचा जंतू श्वासातून फुप्फुसाच्या टोकाला पोचला की तिथल्या पहारेकरी पेशी, मॅक्रोफेज, त्याला गिळतात. बाकीचे बरेच जंतू असे गिळले की संपतात, हा संपत नाही, ज्या पेशीनं गिळला तिच्यातच राहतो आणि वाढतो. मग दोन ते आठ आठवड्यांत दुसरी फळी येते, टी पेशींची, आणि त्यातल्या सीडी फोर पेशी सगळ्यात महत्त्वाच्या. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं द्रव्य सोडतात, त्यानं मॅक्रोफेजला जोर येतो आणि गिळलेला जंतू दाबला जातो. टीएनएफ नावाचं अजून एक द्रव्य असतं, त्याच्या जोरावर या सगळ्या पेशी जंतूभोवती कडं करून बसतात. हीच टीबीची गाठ, ग्रॅन्युलोमा. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात टीबीचा संसर्ग होऊन गेलाय असा अंदाज आहे, पण एचआयव्ही नसलेल्यांपैकी आयुष्यभरात ५ ते १० टक्केच आजारी पडतात, कारण हे कडं टिकतं.

आणि जेव्हा टिकत नाही तेव्हा काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. गाठीच्या मधला भाग मरतो, घट्ट चक्क्यासारखा होतो, मग तो पातळ होऊन श्वासनलिकेत फुटतो आणि फुप्फुसात पोकळी पडते. ही पोकळी जंतू एकटा पाडत नाही, आपल्याच शरीराच्या लढाईतून सुटलेली रसायनं फुप्फुसाचं मांस खातात म्हणून ती पडते. पोकळीत हवा भरपूर, जंतू कोटींनी वाढतात, खोकल्याबरोबर बाहेर येतात, आणि माझ्या स्लाइडवर थ्री प्लस, म्हणजे मोजणीतली सगळ्यात वरची पायरी, होतात. म्हणजे थ्री प्लस स्लाइड, एक्स-रेवरचा डाग, मॅन्टू या टीबीच्या त्वचेवरच्या टेस्टच्या सुईनंतर हातावर उठलेली गाठ, टीबीच्या या ज्या खुणा आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो त्यातला मोठा भाग जंतूपेक्षा जास्त आपल्या शरीराच्या प्रतिकाराच्या खुणा आहेत.

आता त्यातून सीडी फोर काढून घ्या. एचआयव्ही नेमक्या याच पेशी मारतो. कडं नीट बांधलं जात नाही, चक्का होत नाही, पोकळी पडत नाही. जंतू रक्तातून लिव्हर, प्लीहा, किडनी, बोनमॅरो, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो, आणि बेडक्यात मात्र थोडेच येतात किंवा येतच नाहीत. एक्स-रे साफ दिसू शकतो. मॅन्टू नीट उठत नाही, म्हणूनच एचआयव्ही असेल तर १० मिलिमीटरच्या जागी ५ मिलिमीटरलाच पॉझिटिव्ह धरतात, आणि सीडी फोर फारच कमी असेल तर तेवढंही उठत नाही. रक्तावरची इंटरफेरॉन गॅमाची टेस्ट असते, इग्रा, ती तर थेट त्याच पेशींना विचारते की तुम्ही हा जंतू ओळखता का, पेशीच नसतील तर उत्तर कोण देणार, मग रिपोर्टला 'अनिर्णित' येतं. त्या बाईच्या शरीरात माझ्या थ्री प्लसवाल्या कित्येक पेशंटपेक्षा जास्त जंतू असतील, आणि माझ्याकडे ती निगेटिव्ह होती.

हे फक्त एचआयव्हीतच होतं असंही नाही. संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅब नावाचं इंजेक्शन आलं, ते टीएनएफला अडवतं, सांधे सुटतात, लोकांना खूप बरं वाटतं. २००१ साली त्या औषधानंतर टीबी झालेल्या ७० पेशंटची माहिती छापून आली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना फुप्फुसाबाहेरचा किंवा अंगभर पसरलेला टीबी होता. एचआयव्हीचा काही संबंध नाही, कड्यातली एकच कडी औषधानं काढली, आणि चित्र तेच. मला तर हे वाचून सगळं एकदम लख्ख समजलं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असते. आपण समजतो सीडी फोर २००च्या खाली गेला की मग टीबीची काळजी. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांचा मोठा अभ्यास झाला, त्यात दिसलं की एचआयव्हीची लागण झाल्यावर पहिल्या वर्षातच टीबीचं प्रमाण दुप्पट होतं, जेव्हा सीडी फोरचा आकडा अजून बरा असतो. कारण टीबीच्या जंतूला ओळखणाऱ्या ज्या खास सीडी फोर पेशी असतात त्या एचआयव्हीला लवकर बळी पडतात. आकडा ६०० असला तरी त्यातले टीबीशी लढायला शिकलेले किती उरलेत हे रिपोर्टवर येत नाही. उलट बाजूनंही तसंच, टीबीशी लढताना ज्या पेशी खवळतात त्यांच्यात एचआयव्ही जास्त जोमानं वाढतो, म्हणजे दोघं एकमेकांना खतपाणी घालतात. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, चालू केली की टीबीचा धोका साधारण ६५ टक्क्यांनी उतरतो, ही फार मोठी गोष्ट आहे, पण एचआयव्ही नसलेल्या माणसाइतका खाली तो येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं २४ मार्च १८८२ला बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला आणि त्यानंतर काही वर्षांतच आलेली रंगवायची पद्धत मी २०११ला वापरत होते. तेव्हा दुसरं काही हाताशी नव्हतं. आता तसं नाही. नमुन्यात जंतूचा डीएनए शोधणारं सीबीनॅट मशिन आलं, तसंच आपल्या गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट आलं, २०२० साली त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, तालुक्याच्या ठिकाणीही मशिन बसलं. मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ५ ते १० हजार लागतात, सीबीनॅटला शे-दीडशे पुरतात. फरक मोठाच आहे आणि नियमानं एचआयव्ही असलेल्याला पहिली टेस्ट हीच व्हायला पाहिजे. पण मशिन बदललं आणि शब्द तोच राहिला. "सीबीनॅट निगेटिव्ह आलंय, टीबी नाही." मी हे वाक्य अजूनही ऐकते, चांगल्या, कष्टाळू डॉक्टरांच्या तोंडून ऐकते. अहो पण सीबीनॅटला पण बेडकाच दिला ना आपण! ज्या माणसाचा टीबी फुप्फुसात फुटलेलाच नाही, ज्याला खोकून दाट काही काढताच येत नाही, त्याच्या फेसात कितीही भारी मशिन काय शोधणार.

एक्स-रेचंही तसंच. ७ डिसेंबर २०२४ला देशात १०० दिवसांची टीबी मोहीम सुरू झाली, हातात धरायची एक्स-रे मशिनं गावोगाव फिरली, आणि हे चांगलंच झालं, कारण २०१९ ते २०२१मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्व्हेत दिसलं होतं की एक्स-रे नसता तर ४२ टक्क्यांहून जास्त टीबी पेशंट सुटले असते. माझा त्याला विरोध नाही, उलट मी स्वतः कॅम्पला होते. पण शाबूत प्रतिकारशक्ती असलेल्या माणसाच्या छातीवर डाग पडतो, ज्याचा सीडी फोर ४० आहे त्याचा एक्स-रे साफ येऊ शकतो, आणि गाडी गावातून निघून गेली की त्याच्या हातात 'नॉर्मल' लिहिलेला कागद राहतो, जो दाखवून तो पुढचे दोन महिने दवाखान्यात यायचं टाळतो.

बरं, मग करायचं काय? जगात याचं उत्तर आहे, आणि ते लघवीत आहे. टीबीच्या जंतूच्या भिंतीत लॅम नावाचं एक द्रव्य असतं, लायपोअरॅबिनोमॅनन. अंगभर पसरलेल्या टीबीत, विशेषतः जंतू किडनीपर्यंत पोचला असेल तर, ते लघवीतून बाहेर येतं. कागदी पट्टीवर लघवीचे ६० मायक्रोलिटर टाकायचे, म्हणजे एक थेंब, २५ मिनिटं थांबायचं, रेघ उमटते का बघायचं. मशिन लागत नाही, लाइट लागत नाही. आणि या टेस्टचा गुण असा की सीडी फोर जितका कमी तितकी ती जास्त चालते, म्हणजे बाकीच्या सगळ्या टेस्ट जिथं हात टेकतात तिथं ही उपयोगी पडते. आफ्रिकेतल्या चार देशांत १० हॉस्पिटलांमधल्या अडीच हजार ॲडमिट पेशंटवर ही पट्टी वापरून बघितली, आठ आठवड्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आलं. नुसत्या टेस्टनं मृत्यू कमी झाल्याची उदाहरणं टीबीत फार थोडी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ला शिफारस केली, २०१९ला ती आणखी रुंद केली. किंमत बाहेर तीन-साडेतीन डॉलरच्या आसपास.

आणि मी अजून एकदाही ती पट्टी माझ्या लॅबमध्ये वापरलेली नाही. एका ट्रेनिंगला हातात घेऊन बघितली तेवढीच. मोठ्या सेंटरला कुठं कुठं असेल, पण ऊसतोडीची बाई मोठ्या सेंटरला जात नाही हो, ती आमच्याकडे येते, तीही काम सुटल्यावर, पाच वाजता.

पट्टी म्हणजे जादू आहे असं मी म्हणत नाही. टीबी असूनही निम्म्याच्या आसपास लोकांमध्ये ती निगेटिव्ह येते, त्यामुळे तिच्यावरही 'टीबी नाही' लिहून मोकळं होता येणार नाही. पण पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी औषध सुरू करता येतं, आणि या पेशंटच्या बाबतीत दिवसच महत्त्वाचे असतात.

यावर एक जण मला म्हणाला की मग सरळ सीडी फोर कमी असलेल्या सगळ्यांनाच टीबीची औषधं द्या ना, टेस्टची कटकटच नको. हे ऐकायला पटतं, मलाही पटलं होतं. पण हे करून बघितलंय. भारतासह १० देशांत ८५० लोकांवर, सगळ्यांचा सीडी फोर ५०च्या खाली, निम्म्यांना एआरटीबरोबर टीबीचा पूर्ण उपचार आंधळेपणानं, निम्म्यांना फक्त प्रतिबंधाची आयसोनियाझिड. चोवीस आठवड्यांनी दगावलेले किंवा पत्ता न लागलेले दोन्हीकडे २२ आणि २२ जण. फायदा झाला नाही. त्यामुळे टेस्टला पर्याय नाही, फक्त टेस्ट त्या शरीराला शोभेल अशी पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो. एचआयव्ही आता कमी झालाय, देशात मोठ्या माणसांमध्ये ०.२ टक्के, एवढ्यासाठी वेगळी सोय कशाला. ०.२ टक्के म्हणजे २५ लाख माणसं, आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. २०२३ला जगभरात टीबीनं साडेबारा लाख माणसं गेली त्यातली १ लाख ६१ हजार एचआयव्ही असलेली होती. आणि ही मोजलेली. वेगवेगळ्या देशांत एचआयव्हीनं दगावलेल्यांची शवविच्छेदनं झाली त्यांचे आकडे एकत्र केले तर सुमारे ४० टक्के मोठ्या माणसांच्या शरीरात टीबी सापडला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना जिवंतपणी कुणी टीबी आहे असं सांगितलेलंच नव्हतं. माझ्या पेशंटसारखी बाई हा अपवाद नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सीडी फोरबद्दलही बोलायला पाहिजे. २००४ला एआरटी मोफत झाली तेव्हा, मुंबईत जे.जे.पासून सुरुवात, सीडी फोर बघूनच गोळ्या द्यायचे. २०१७ला धोरण बदललं, टेस्ट पॉझिटिव्ह की लगेच औषध, आणि ते शंभर टक्के बरोबर झालं. नंतर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, रुटीनला आला. पण त्यामुळे कित्येकांच्या डोक्यात असं बसलं की आता सीडी फोरचं काही काम नाही, गोळ्या तर देतोच आहोत. काम आहे! गोळ्या द्यायच्या का हे ठरवायला सीडी फोर नको, पण या माणसाचा 'निगेटिव्ह' कसा वाचायचा हे ठरवायला तोच पाहिजे. ४५० सीडी फोरवाल्याचा निगेटिव्ह आणि ४५ सीडी फोरवाल्याचा निगेटिव्ह हे दोन वेगळे रिपोर्ट आहेत, आणि आमच्या फॉर्मवर दोन्ही एकाच चौकोनात टिक होतात.

प्रतिकारशक्तीची गोष्ट इथं संपत नाही, ती परत येते तेव्हाही अडचण होते. टीबीची औषधं चालू, एआरटी चालू, पेशंट सुधारतोय, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदम ताप चढतो, मानेतली गाठ लिंबाएवढी होते, दम लागतो. याला आयरिस म्हणतात. सीडी फोर पेशी परत आल्या आणि अंगात आधीच पडून असलेल्या जंतूंवर तुटून पडल्या, त्याची ही सूज. म्हणजे मघाशी जे शरीर गप्प होतं तेच आता एकदम बोलायला लागलं. पण घरच्यांना कसं कळणार? ते म्हणतात गोळ्या गरम पडल्या. गोळ्या बंद करतात, देवऋषाकडे नेतात, आणि एआरटी आणि टीबी दोन्ही सुटतं. खरं तर यावर उपाय आहे. केपटाऊनमध्ये २४० पेशंटवर, सीडी फोर १०० किंवा त्याहून कमी, अभ्यास झाला आणि २०१८ला छापून आला, एआरटीबरोबर चार आठवडे प्रेडनिसोन नावाचं सूज उतरवणारं स्टेरॉइड दिलं तर आयरिसचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३३वर आलं. ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण आधी सांगून ठेवायला काय लागतं? आमच्या समुपदेशक मॅडम एवढंच सांगतात, "पहिल्या तीन महिन्यात गाठ वाढली, ताप आला तर घाबरायचं नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत, तडक इकडं यायचं." हे वाक्य ज्यांना आधी सांगितलं ते परत येतात. ज्यांना सांगायचं राहिलं त्यांच्या घरी एसटीएस साहेबांना, म्हणजे टीबीच्या उपचारांवर देखरेख ठेवणाऱ्या सुपरवायझरना, गाडी काढून जावं लागतं, आणि टोळी तोपर्यंत पुढच्या कारखान्याला गेलेली असते. (टीबीचं रिफाम्पिसिन चालू असताना एचआयव्हीच्या डोल्युटेग्रॅव्हिरची संध्याकाळची जादा गोळी लागते, तीही इथंच सांगून ठेवायची, नाहीतर एआरटी अर्धीच लागू पडते.)

प्रतिबंधाच्या गोळ्यांचं, टीपीटीचं, मला जास्त वाईट वाटतं, कारण तिथं तर पेशंट अजून आजारी पण नसतो. आयव्हरी कोस्टमध्ये दोन हजार लोकांवर अभ्यास झाला, एचआयव्ही असलेल्यांना सहा महिने आयसोनियाझिड दिली आणि पुढं पाच वर्षांच्या आसपास बघितलं, मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी, एआरटीच्या फायद्याच्या वर हा वेगळा फायदा. आता तर आठवड्याला एक असे बारा डोसही आहेत. तरी देताना हात आखडतो, कारण भीती असते की आतमध्ये छुपा टीबी असला तर? भीती खोटी नाही, पण नियम साधा आहे, खोकला, ताप, वजन घट, रात्रीचा घाम, चारपैकी एकही नाही तर द्या, एक जरी असेल तर तपासा. एक्स-रे हवाच, मॅन्टू हवीच, असं म्हणत लोकांना परत पाठवायचं कारण नाही. मॅन्टू तर या शरीरात नीट बोलतच नाही, तिची वाट बघून काय मिळणार.

जाता जाता एक गोष्ट, कारण मी फक्त एचआयव्हीबद्दल बोलतेय असं वाटायला नको. आपल्या देशात प्रतिकारशक्ती पाडणारं सगळ्यात मोठं कारण एचआयव्ही नाही, उपाशी पोट आहे. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला धान्य-डाळ दिलं तर त्या घरांमध्ये नवीन टीबी ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाला, २०२३ला हे छापून आलंय. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटला आहारासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले, चांगलं आहे, पण ते पेशंटच्या खात्यात येतात, वेळेवर आले तर, आणि त्याच कोपीत झोपणाऱ्या पोरांसाठी त्यात वेगळं काही नसतं. यावर स्वतंत्र लिहायला पाहिजे.

माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी बदललंय. फॉर्मवर एचआयव्ही आहे हे दिसलं आणि नमुना निगेटिव्ह आला की खाली पेननं लिहिते, "नमुना थुंकीसारखा, दाट नाही. सीडी फोर बघावा. गाठ असल्यास सुईची तपासणी." टेक्निशियननं असं लिहायचं नसतं असं मला एकदा ऐकवलं गेलं. तरी लिहिते. दोन नवीन डॉक्टर ते वाचतात, त्यांच्यापैकी एकानं गेल्या पावसाळ्यात एका ड्रायव्हरची काखेतली गाठ तेवढ्यासाठीच तपासली आणि टीबी निघाला.

वरच्यांकडे माझं मागणं काही फार नाही. ज्या ज्या ठिकाणी एचआयव्हीची टेस्ट होते तिथं सीडी फोरचं रक्त त्याच दिवशी, त्याच सुईनं घ्या, पेशंटला जिल्ह्याला पाठवू नका, नमुना पाठवा. रिपोर्टच्या छापील फॉर्मवर 'टीबी नाही' असा अर्थ निघेल असं काही ठेवू नका, 'या नमुन्यात जंतू आढळला नाही' एवढंच लिहा, आणि त्याच ओळीत सीडी फोरचा आकडा. आणि लघवीची पट्टी तालुक्याला द्या. आमच्या कपाटात खालच्या खणात प्रेग्नन्सीच्या पट्ट्या आहेत, मलेरियाची किट आहेत, डेंग्यूची आहेत, सगळी साध्या तापमानाला राहणारी, आणि त्या खणात अजून दोन डबे सहज मावतात. त्या बाईला दोन दिवस खोकूनही बेडका देता आला नव्हता, लघवी ती पाच मिनिटांत देऊ शकली असती.